दाराला टेकवलेला चोक

"हल्ली ही माझ्याशी बोलतच नाही. नुसते ओठ हलवते."

बाबा, म्हणजे माझे सासरे, हे मोटरला सांगत होते. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी त्याच मोटरच्या पोटात हात घालून तांब्याच्या कॉइलना दोरी बांधत होते, म्हणजे त्यांच्या तोंडापासून माझं डोकं जेमतेम हातभर. पण मधे लोखंड असलं की पलीकडे माणूस नसतो, असा त्यांचा जुना समज.

"एवढं काय झालं असेल?" ते मोटरला पुढे म्हणाले. "बहिणीकडे जायचं राहिलं, ते? का ती निळी कात्री मी पत्रा कापायला घेतली होती, ते? त्याला तर बारा वर्षं झाली."

मी गाठ आवळली. निळ्या कात्रीचा राग सासूबाईंच्या मनातून अजून गेलेला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्यांच्या गप्प होण्याचा कात्रीशी काही संबंध नव्हता. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त ज्यांना माहीत असायला हवं त्यांना सोडून. बाबांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते.

जाड आवाज येत. ट्रक, ढोल, माझ्या नवऱ्याचं खाकरणं, सगळं व्यवस्थित. बारीक मात्र नाही. हे हळूहळू, चारपाच वर्षांत झालं, आणि आम्हीही हळूहळूच त्याच्याभोवती वळसा घालून राहायला शिकलो. दाराची चिवचिवणारी घंटा 'बिघडली' म्हणून काढली आणि भसाड्या आवाजाची लावली. किटलीची शिट्टी वाजली की कोणीतरी सहज त्यांच्या समोरून लगबगीने जातं, म्हणजे त्यांना कळावं. मी त्यांच्याशी बोलताना आवाज पोटातून काढते. सुरुवातीला खोकल्यासारखं वाटायचं, आता सवय झाली. सासूबाईंचा आवाज मात्र जन्माचा बारीक, सुईच्या टोकासारखा. तो जाड होईना. वर्षभर त्या एकच वाक्य तीनतीनदा म्हणत राहिल्या, मग दोनदा, मग एकदा, आणि मग त्यांनी तो नादच सोडला.

कोणी काही बोलायचं नाही असं आमचं ठरलेलं नव्हतं. काही गोष्टी न ठरवताच ठरतात.

आणि बोलणार तरी कसं? हा माणूस कानावर जगलेला. आमचं दुकान मोटर भरायचं. जळलेली मोटर येते, तिच्यातलं जळकं तांबं उपसून काढायचं, नवी तार भरायची, वार्निशमध्ये बुचकळून भट्टीत भाजायची आणि फिरवून परत द्यायची. बाबांनी पन्नास वर्षं हेच केलं. त्यांचा हात चांगला होता, असे हात शहरात आणखी दोनचार असतील. पण कान एकच. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. "मागचं बेअरिंग," ते म्हणत. "आठवडाभर चालेल." आणि सातव्या दिवशी मोटर बंद पडे. न पडण्याची तिची काय बिशाद! अख्खी गल्ली त्यांना कानमास्तर म्हणायची.

मी या घरात आले तेव्हा मला फक्त लोकर विणता येत होती. वाइंडिंग मला कोणी शिकवलं नाही. जळक्या मोटरी उसवायचं काम सुनेकडे आलं, कारण ते घाणेरडं होतं. मी उसवता उसवता फेरे मोजू लागले, मोजलेले वहीत लिहू लागले, आणि चार वह्या भरल्यावर एक दिवस बाबा नसताना एक पंपाची मोटर भरून टाकली. बाबांनी आल्यावर तिला स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ही मी कधी भरली?" त्या एका वाक्यावर मी पुढची वीस वर्षं काढली आहेत.

आता या मोटरीबद्दल. दोन गल्ल्या सोडून पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना आहे. लांबच्या लांब पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या राहून खोकी दुमडतात. पट्ट्याचा वेग कमीजास्त करता यावा म्हणून गेल्या वर्षी तिथे ड्राइव्ह बसवला. ड्राइव्ह म्हणजे भिंतीवरची एक पेटी. ती विजेचे बारीक बारीक तुकडे करून मोटरला वाढते आणि मोटर सांगाल त्या वेगाने फिरते. हे बाहेरचं फिटिंगचं काम माझा नवरा करतो. पुठ्ठ्याची धूळ पेटीत जाऊ नये म्हणून कारखान्याच्या सुपरवायझरने ती वरच्या मजल्यावर आपल्या काचेच्या केबिनमध्ये लावून घेतली. या सुपरवायझरला सगळे घाईसाहेब म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'घाई आहे'ने सुरू होतं. मोटर खाली, पट्ट्याच्या पार त्या टोकाला. मधे नव्वद मीटर केबल.

एवढी लांब केबल असली तर मधे चोक लावा, असं ड्राइव्हसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेलं होतं. नवऱ्याने लावला. ट्यूबलाइटचा चोक सगळ्यांना माहीत असतो, हा त्याचा पैलवान भाऊ. लोखंडी पत्र्यांची थप्पी, तिच्यावर तांब्याच्या तीन गुंडाळ्या, वजन अकरा किलो. काम म्हणाल तर वाटेत उभं राहण्याचं. तुकडे केलेली वीज धक्के मारत पळते, लांब केबलच्या टोकाला जाऊन आपटते, उसळते, आणि तो सगळा तडाखा मोटरच्या पहिल्याच कॉइलवर बसतो. चोक त्या धक्क्यांची धार मोडतो. शाळा सुटल्यावर फाटकात एक बाई उभी असते ना, 'हळू, हळू, एकेक जण' म्हणत, अगदी तशी. तिचं कोणाला कौतुक नसतं. ती रजेवर गेली की कोणाचं तरी ढोपर फुटतं आणि मग तिची आठवण येते.

तर चोक लागला, पण त्याचा एक बोल्ट ढिला राहिला. नवऱ्याची करणी. त्यामुळे मागचा पत्रा थरथरायचा आणि घूंऽऽ असा मठ्ठ, जाड आवाज यायचा. त्या संपूर्ण कारखान्यात बाबांना नीट ऐकू येईल असा तेवढाच एक आवाज होता, आणि पहिल्या महिन्याच्या फेरीला ते नेमके त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मोटर गप्प आहे," ते म्हणाले, "पेटी गप्प आहे. हा एकटाच कुरकुरतोय. कुरकुरतो तो आजारी. काढा त्याला."

नवऱ्याने तोंड उघडलं. मग मिटलं. बाबांनी खिशातून लाल ऑइल पेंटची बारकी डबी काढली. बिघडलेल्या प्रत्येक वस्तूवर ते तिने एकच शब्द लिहितात. चोकावर ठसठशीत 'आजारी' उमटलं आणि चोक आमच्या दुकानात आला. दार वाऱ्याने आपटतं म्हणून बाबांनी तो दाराला टेकवला. माझ्या अंगठ्याला दोनदा लागल्यावर सासूबाईंनी त्याला गोणपाटाची खोळ शिवली. झालं. अकरा किलोचा चोक दारवान झाला.

त्यानंतर आठ महिन्यांत ती मोटर तीनदा जळली.

पहिल्यांदा बाबांनी तार बदलली. दुसऱ्यांदा वार्निश दोनदा पाजलं आणि कॉइलमधला कागद दुहेरी घातला. तिसऱ्यांदा दोन हमाल मोटर हातगाडीवरून घेऊन आले, मागून घाईसाहेब. "घाई आहे, मास्तर, पण तुम्ही दमू नका," तो म्हणाला. वाईट मनाने नाही हं, उलट फार मऊ आवाजात. "वय होतं माणसाचं. हातालाही विश्रांती लागते."

तो गेल्यावर बाबांनी स्वतःच्या हाताची बोटं खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली. मग लाकडी हातोडी, कॉइलवर खाचांत ठोकायच्या बांबूच्या चिपा तासायचा चाकू आणि दोरी ओवायची लांब सुई माझ्यासमोर ओळीने मांडली.

"सूनबाई, ही शेवटची. जोडीने भरू. ही पण जळली तर माझा हात गेला. मग या खुर्चीत तू बस."

मला ती खुर्ची हवी होती. खोटं कशाला बोलू, पाचसहा वर्षं माझा तिच्यावर डोळा होता. पण अशी नको होती.

कारण ती मोटर तिन्ही वेळा मीच उसवली होती, आणि तिन्ही वेळा जळली ती एकाच जागी. केबल जिथून आत शिरते तिथली पहिली कॉइल, पहिले काही फेरे. हात चुकला असता तर कुठेही जळली असती. चूक अशी पत्ता विचारून येत नाही. मी ड्राइव्हचं पुस्तक काढलं, भिंग घेतलं आणि बारीक अक्षरातला तो लांब केबलचा परिच्छेद चारदा वाचला. मग कारखान्यात जाऊन आले. पट्ट्यावरच्या सगळ्या बायकांच्या कानात कापूस होता. मोटर आमच्याकडे आलेली म्हणून पट्टा तेवढ्यापुरता हाताने ओढणं चाललं होतं, तरी कापूस होताच.

"आज तर बंद आहे ना?" मी त्यांच्यातल्या म्होरक्या बाईला विचारलं. सगळ्यांत मोठे बोळे तिच्या कानात होते.

"सवय झाली बाई," ती म्हणाली. "ती मोटर किंचाळते किंचाळते नि मरते. चोक होता तेव्हा अशी नव्हती. एक घूं असायचा, म्हशीसारखा, पण तो बरा होता. तुमच्या मास्तरांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, कुठे काय, किती शांत चालतेय."

म्हणजे बाबांचा हात निर्दोष होता. पण तसं सांगायला गेलं की लगेच पुढचा प्रश्न येणार, मग दोष कोणाचा? हात सोडवायचा तर कान पकडून द्यावा लागणार. मी ड्राइव्हचं पुस्तक पिशवीत टाकून घरी आले.

बाबा आंघोळीला गेलेले पाहून स्वयंपाकघरात सभा भरली. नवरा, सासूबाई आणि मी.

"सांगून टाकू," मी म्हणाले.

"कोण?" नवऱ्याने विचारलं.

"तुझे वडील आहेत."

"तुझा आवाज त्यांना नीट पोचतो. तो जाड आहे."

"माझा आवाज जाड आहे?"

"म्हणजे त्यांच्याशी बोलताना," तो घाईने म्हणाला. "एरवी गोड आहे."

"कोणी काही सांगायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "हात गेला म्हणालात तर दोन दिवस जेवणार नाहीत. कान गेला म्हणालात तर तिसऱ्या दिवशीही जेवणार नाहीत. मी रागावलेय असं त्यांना वाटतंय ना, वाटू दे. या उन्हाळ्यात माझा पंखा तीनदा ग्रीस झालाय. इतका लाड लग्नात नव्हता झाला."

हे म्हणताना त्या हसल्या. पण हातातलं भांडं पुसून झालं होतं, तरी त्या पुसतच राहिल्या.

मग मी माझा बेत सांगितला. चोरी.

चोक गुपचूप न्यायचा, पहिल्या जागी लावायचा, बोल्ट या वेळी मी स्वतः आवळायचे, खाली रबर घालायचं म्हणजे घूं सुद्धा येणार नाही. मोटर जळणार नाही. बाबांना वाटेल, हात परत आला. कान कोणाच्या तोंडीही येणार नाही. "आणि दाराला?" नवऱ्याने विचारलं. सासूबाईंनी न बोलता तेलाचा रिकामा डबा पुढे केला. त्यांचं डोकं असल्या कामात माझ्यापेक्षा जोरात चालतं. डब्यात रेती, रेतीत जुने बोल्ट, वर तीच गोणपाटाची खोळ. नवरा चोकाला चादरीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून मागच्या दाराने निघाला. गल्लीत एका शेजारणीने "कोणाचं?" म्हणून विचारलं. तो "आपलंच" म्हणून पुढे गेला. त्या शेजारणीला काय वाटलं असेल ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दार उघडलं आणि रोजच्यासारखं दाराचं वजन उजव्या पायाने सरकवलं. पाय तिथेच थांबला.

"सूनबाई, हे हलकं झालंय."

"काय, बाबा?"

"दाराचं वजन. किलोभर कमी आहे."

"उन्हाने वाळलं असेल," मी पोटातून आवाज काढत म्हणाले.

"लोखंड?"

"गोणपाट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोळीकडे पाहिलं आणि कामाला बसले. दुपारी ते आडवे झाल्यावर मी डब्यात आणखी बोल्ट ओतले. संध्याकाळी दार लावताना त्यांनी पुन्हा पाय लावला. "आता जास्त झालं," ते म्हणाले. मी रात्रीच्या जेवणाआधी मूठभर काढले. तिसऱ्या सकाळी ते वजन सरकवून समाधानाने म्हणाले, "आज बरं वाटतंय त्याला." मला वाटलं, जिंकलो.

मोटर भरून झाली. मी आणि बाबांनी मिळून भरली. चिपा ठोकताना त्यांची हातोडी एकदाही इकडची तिकडे पडली नाही. वार्निश वाळल्यावर ते म्हणाले, "बसवायला मी येतो." नवऱ्याच्या हातातला पाना खाली पडला. बसवायला ते दोन वर्षांत कुठे गेले नव्हते. निघताना पाहतो तो सासूबाई चपला घालून दारात.

"ही कशाला?" बाबांनी मला विचारलं.

"मोटर जळली तर यांना कोण सांभाळणार?" सासूबाई म्हणाल्या. बाबा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

"पट्टा बघायचाय म्हणतात," मी भाषांतर केलं.

कारखान्यात मोटर बसली. चोक केव्हाचाच केबिनमध्ये जागेवर होता, रबरावर, चारही बोल्ट आवळलेले, 'आजारी' लिहिलेली बाजू भिंतीकडे. वरून घाईसाहेबाने ड्राइव्ह चालू केला. मोटर फिरली. नुसती गुणगुण, कामात असलेल्या बाईच्या ओठांवर असते तेवढी. खोकी सरकू लागली. बाबांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. "बेअरिंग ठीक," ते म्हणाले. मी श्वास सोडला. आता फक्त घरी जायचं.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि केबलला हात लावून तिच्या मागे मागे चालू लागले.

ही त्यांची जुनी पद्धत, मी विसरलेच होते. काम झालं की ते केबल टोकापर्यंत हाताने चाचपत जातात. पट्ट्याच्या कडेने, भिंतीच्या कडेने, जिन्याने वर, केबिनमध्ये. तिथे नवरा चोकासमोर छाती काढून उभा होता.

"बाजूला हो."

तो झाला. बाबा खाली वाकले, चोकामागे बोट घालून त्यांनी पेंट चाचपला, आणि उठले.

"दाराचं वजन इथे आलंय तर."

नवरा भिंतीवरच्या पेटीकडे बघू लागला.

"डब्याला पाय लावला की रेती सरकते," ते माझ्याकडे पाहत म्हणाले. "पायाला कळतं, सूनबाई. म्हटलं, बघू या कुठवर चालतंय. आजारी माणसाला कामाला जुंपलंत?"

"तो आजारी नव्हता, बाबा," नवरा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बोल्ट ढिला होता. माझ्याकडून राहिला होता."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही लिहून टाकलं होतंत. तेही लाल रंगात."

बाबांनी यावर थोडा विचार केला. "काढ त्याला," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय कशी चालते ते बघू. मला कळायला हवं."

"घाई आहे, मास्तर," घाईसाहेब म्हणाला. बाबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने घाई गिळली.

ड्राइव्ह बंद केल्यावर आतली वीज उतरायला पाच मिनिटं द्यावी लागतात, त्याआधी हात लावायचा नाही. ती पाच मिनिटं नवरा वरच थांबला आणि आम्ही बाकीचे खाली येऊन पट्ट्यापाशी उभे होतो. म्होरकीने कानातले बोळे आणखी आत ढकलले. इतर बायकांनी तिचं पाहून ढकलले. मग वर चोक बाजूला झाला, तारा सरळ जोडल्या गेल्या आणि मोटर सुरू झाली.

स्टीलच्या ताटावरून खिळा ओढावा, आणि तो ओढतच राहावा, तसा आवाज. माझे दात शिवशिवले. बायकांनी माना खांद्यांत घेतल्या. सासूबाईंना याची काहीच कल्पना नव्हती. त्या "अगं बाई!" म्हणून दोन्ही हात कानांवर दाबून मागे सरकल्या.

बाबा मोटरजवळ उभे होते, डोकं किंचित कललेलं, चेहरा प्रसन्न.

"बघा," ते म्हणाले. "किती शांत."

सगळे खाली फरशी बघू लागले. इतक्या माणसांना एकाच वेळी फरशीत रस वाटलेला मी प्रथमच पाहिला. घाईसाहेबाने तोंड उघडलं, तर म्होरकीने त्याच्या बुटावर आपला पाय ठेवला आणि तिथेच राहू दिला. माझ्याही जिभेवर आलं होतं. पुढे एक शब्दही सरकेना. अजून थोडा वेळ ती अशी चालली असती तर आमची दोघांची पंधरा दिवसांची मेहनत पुन्हा जळून गेली असती, हे मला कळत होतं, तरीही.

तेवढ्यात बाबांनी मान वळवली आणि त्यांना सासूबाई दिसल्या.

आधी त्यांनी सासूबाईंचे हात पाहिले, कानांवर दाबून बोटं पांढरी झालेली. मग पट्ट्याच्या एका बाजूच्या बायका पाहिल्या, मग दुसऱ्या बाजूच्या. एकेकीच्या कानातला कापूस. मग वर काचेआड उभा असलेला आपला मुलगा, चेहरा आंबट झालेला. पन्नास वर्षं यंत्रं तपासलेला माणूस. एकाच खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

"परत लाव," ते वर बघून म्हणाले.

पुन्हा पाच मिनिटं. या वेळी ते मोटरकडे वळलेच नाहीत. तिच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, बायकांकडे तोंड करून उभे राहिले. फोटो काढायला उभा राहिलेला माणूस समोरच्यांना जसं निरखतो तसे. वर चोक जोडला गेला. मोटर सुरू झाली.

त्यांनी आमचे चेहरे वाचले. खांदे खाली आले ते पाहिलं. म्होरकीने एका कानातला बोळा काढून, त्याच्याकडे जरा बघून, खिशात टाकला ते पाहिलं. सासूबाईंचे हात हळूच कानांवरून उतरले तेही पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "तिन्ही वेळा पहिल्याच कॉइलला जळली होती ना?"

"हो, बाबा."

"तिथेच."

"तिथेच. दुसरीकडे डागसुद्धा नव्हता. हाताला काही झालेलं नाही तुमच्या."

त्यांनी उजव्या हाताची बोटं एकदा मिटली, एकदा उघडली. मला वाटलं, एवढ्यावर थांबतील. थांबावं अशी माझी फार इच्छा होती. हात सुटला होता, आता कानाला कोणी हात लावायला नको. नवरा जिन्यावरून खाली येता येता मोठ्याने म्हणाला, "चला, चहा घेऊ." घाईसाहेबाने पहिल्यांदाच घाई नाही असं सांगितलं. सगळे एकदम हलले, बोलू लागले, कोणी खोकं उचललं, कोणी पदर सारखा केला.

बाबा हलले नाहीत.

सासूबाई त्यांच्याजवळ गेल्या, त्यांच्या बाहीवरची पुठ्ठ्याची धूळ झटकली आणि आपल्या त्या सुईसारख्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं. "चला घरी, तुमची गोळी राहिली आहे सकाळची," एवढंच. पण बाबा त्यांचे हलणारे ओठ असे बघत होते, जसं काही तिथे बारीक अक्षरात काही लिहिलंय आणि भिंग घरी राहिलंय.

त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या हातात दिला.

"मला ऐकू येत नाही," बाबा म्हणाले. मोठ्याने, पट्ट्याच्या त्या टोकापर्यंत जाईल असं. "बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत."

खोकी सरकत राहिली. दुमडायला कोणाचा हात पुढे आला नाही. बाबा सासूबाईंकडे वळले.

"म्हणजे तू बोलत होतीस."